फॉरमॅटच्या आधी प्लग बघा

कॉम्प्युटर चालता चालता बंद पडून आपोआप परत सुरू व्हायला लागला, की दुरुस्तीवाल्याच्या तोंडून पहिला शब्द येतो ‘फॉरमॅट’. यंत्राला हात लावायच्याही आधी येतो. या एका शब्दापायी माझे पैसे गेले, टॅलीतला हिशेब गेला, ऐन महिनाअखेरीला आमच्या गाड्या कट-ऑफच्या तोंडावर अडकल्या. शेवटी दोष निघाला तो ना विंडोजमध्ये, ना रॅममध्ये, ना मदरबोर्डमध्ये. तो होता टेबलाखालच्या एका प्लगमध्ये. ‘हे प्रिंट देतानाच होतं’ असं मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. कुणी ऐकून घेतलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

न्हावा-शेवा बंदराजवळ जासईत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं कंटेनर वाहतुकीचं ऑफिस आहे. गाड्या आमचे हे बघतात, कागद मी बघते. फॉर्म-१३, ई-वे बिल, एलआर, सीएफएसचे कागद, टॅली, जीएसटी, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, काय असते हे न्हावा-शेव्याच्या कामात जे आहेत त्यांना सांगायला नको. ड्रायव्हर दास्तान फाट्याजवळ गाडी लावून फोनवर फोन करतोय, इकडे ओटीपी टाकून झालाय, सगळं भरून झालंय, प्रिंट दिली आणि पडदा काळा. मग कंपनीचं चिन्ह, मग फिरणारे ठिपके, मग पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. ड्रायव्हरला वाटतं, बाई जागेवर नाही.

हे प्रत्येक प्रिंटला होत नव्हतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला. सकाळी पहिली प्रिंट दिली की व्हायचं. मग लागोपाठ गठ्ठाभर कागद काढले तरी काही नाही. दुपारी जेवून आले, प्रिंट दिली, की पुन्हा तेच. एखाद्या दिवशी काहीच व्हायचं नाही. पण प्रिंट न देता झालं असं एकदाही घडलं नाही, कारण मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने लिहून ठेवत होते: किती वाजता, आणि तेव्हा मी काय करत होते.

आमच्याकडे वर्षाच्या करारावर येणारा एक तंत्रज्ञ होता. त्याचं किंवा त्याच्या दुकानाचं नाव मी घेणार नाही. जासईचं नाव काढलं की ‘तिकडे यायचे वेगळे पडतील’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. करारात तसं काही नव्हतं. आला, खुर्चीवर बसला. मी कॅलेंडर पुढे केलं तर त्याने त्यावर नजरही टाकली नाही. ‘मॅडम, वेळेवर काही नसतं. विंडोज करप्ट झालीय. फॉरमॅट मारावं लागेल.’ मी म्हटलं, दादा, प्रिंट दिल्यावरच होतं हे. ‘मग प्रिंटरचा ड्रायव्हर करप्ट असेल. तोही फॉरमॅटमध्ये निघून जाईल.’ मी आणखी विचारायला गेले, तर त्याने खिशातून मोबाइल काढला, ह्यांना फोन लावला आणि त्यांना समजावून सांगायला लागला. ह्यांनी त्या कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. रोज आठ-दहा तास त्याच्यासमोर बसते ती मी, आणि दुखणं समजावून सांगायचं ते मालकांना. ते मला लागलं, आणि अजून जात नाही.

फॉरमॅटच्या आधी मी त्याला बजावलं होतं, की टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर आहे. ‘डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, सगळं घेतलंय मॅडम.’ टॅलीप्राइम बसवताना जागा बदलली नाही, तर त्याचा डेटा सी ड्राइव्हवर ‘यूजर्स’मध्ये, त्यातल्या ‘पब्लिक’मध्ये, टॅलीप्राइमच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. तो डेस्कटॉपवर नसतो आणि डॉक्युमेंट्समध्येही नसतो. हे सांगूनही त्याने ते फोल्डर उघडलं नाही. माझ्या पेनड्राइव्हवर मार्चअखेरचा बॅकअप होता म्हणून निदान मागचं वर्ष वाचलं. त्यानंतरचं सगळं मी बिलांच्या फाइली मांडीवर घेऊन परत भरलं, आणि जीएसटीआर-१ ची ११ तारीख काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

वर आणखी एक. कॉम्प्युटरबरोबर आलेली विंडोज अस्सल होती, होम आवृत्ती, परवान्यासकट. याने ती पुसून प्रो टाकली आणि कुठल्यातरी क्रॅकने चालू केली. ब्रँडेड मशिनचा मूळ परवाना मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. तीच आवृत्ती परत टाकली तर इंटरनेटला जोडल्यावर तो आपोआप लागू होतो, एक रुपयाही लागत नाही. हे न करता चोरीची आवृत्ती टाकायची आणि ‘प्रो दिलीय मॅडम’ म्हणून उपकार दाखवायचे. ज्या मशिनवर डिजिटल सहीचं टोकन लागतं आणि बँकेचे व्यवहार होतात, त्यावर कुणाचा तरी क्रॅक चालवायचा, याची भीती त्याला वाटली नाही. मला वाटली.

फॉरमॅटनंतरच्या पहिल्याच सकाळी, पहिल्याच प्रिंटला, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला. आता ‘रॅम गेलीय’. नवी पट्टी आली, जुनी त्याच्या बॅगेत गेली. पुन्हा तेच. मग सीपीयू उचलून दुकानात नेला आणि परत देताना सांगितलं, ‘आमच्याकडे रात्रभर चालू होता, एकदाही पडला नाही. तुमच्या वापरण्यात काहीतरी आहे.’ आणि शेवटी निकाल: मदरबोर्ड. त्याची किंमत नव्या कॉम्प्युटरच्या निम्म्याच्या आसपास.

मदरबोर्डचं ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या रस्त्याला ट्रेलरची धूळ किती, ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. फडक्याने पुसलेल्या वस्तूवर संध्याकाळपर्यंत बोटाने नाव लिहिता येतं. प्रिंटर आतून पुसायचा म्हणून मी तो बंद करून त्याची यूएसबी वायर काढून टेबलावर ठेवली होती. पुसून झाला, जागेवर ठेवला, आणि वायर परत लावायच्या आधी प्रिंटरचं बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू होता, पडद्यावर ई-वे बिलाचं पान उघडं होतं. प्रिंटर घुमायला लागला, ट्यूब क्षणभर मंद झाली, टेबलाखाली यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि पडदा काळा. मग कंपनीचं चिन्ह, मग ठिपके.

वायरीचं टोक माझ्यासमोर टेबलावर पडलेलं होतं. प्रिंटर आणि कॉम्प्युटर यांच्यात काहीही जोडलेलं नव्हतं. मी प्रिंट दिली नव्हती, देऊ शकतही नव्हते. जो ड्रायव्हर बिघडला म्हणून माझं सगळं पुसून टाकलं, त्या ड्रायव्हरला आत्ता या घरात प्रिंटर आहे हेच ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी प्रिंटर बंद केला, गार होऊ दिला, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा रीस्टार्ट. मग मुलीला मोबाइल धरायला लावला आणि तिसऱ्यांदा केलं: आधी लोंबणारी वायर दाखवली, मग बटण, मग काळा पडदा. सगळं एका सलग व्हिडिओत.

त्यानंतर टेबलाखाली वाकून प्रिंटरची पॉवरची वायर कुठे जाते ते बोट धरून बघत गेले. ती जात होती स्पाइकगार्डमध्ये, आणि स्पाइकगार्ड जोडलेला होता यूपीएसच्या मागे. हे तसं कुणी केलं? याच तंत्रज्ञाने. एका फेरीत ‘सगळ्या वायरी नीट करून देतो’ म्हणत त्याने सगळं एका पट्टीवर आणून चिकटपट्ट्यांनी बांधून टाकलं होतं. त्याआधी प्रिंटर भिंतीच्या सॉकेटवर होता. कॅलेंडरवरची माझी पहिली नोंद त्या फेरीनंतरची आहे. त्याआधीची एकही नाही.

आमच्या आळीतले वायरमन काका आले, खाली बघितलं आणि म्हणाले, ‘पोरी, हा प्रिंटर पयला हितून काढ.’ त्यांना विंडोज माहीत नाही, ड्रायव्हर माहीत नाही. पण यूपीएसवर हीटर लावायचा नसतो, हे माहीत आहे; आणि लेझर प्रिंटरच्या पोटात हीटरच असतो. टोनरची पूड कागदावर वितळवून बसवणारा तो तापणारा रूळ. यंत्र झोपेतून उठताना तो पहिल्यांदा तापतो, तेव्हा क्षणभर प्रचंड वीज ओढतो. एकदा तापला की पुढच्या कागदांना तेवढी लागत नाही. सकाळच्या आणि जेवणानंतरच्या पहिल्या प्रिंटला रीस्टार्ट आणि मधल्या गठ्ठ्याला काही नाही, हे कोडं इतकं साधं होतं. दुकानात मशिन रात्रभर का चाललं, हेही त्यातच आलं: तिथे माझा प्रिंटर नव्हता आणि माझा यूपीएसही नव्हता.

घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. या आकड्याला लोक वॅट समजतात. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, आणि तेही बॅटरी धडधाकट असेल तर. हीटरने वीज ओढली की खोलीतला विजेचा दाब खाली येतो, यूपीएसला वाटतं वीज गेली, तो बॅटरीवर जातो, आणि आता कॉम्प्युटरबरोबर तो हीटरही त्या लहानशा बॅटरीच्या गळ्यात पडतो. आमची बॅटरी थकलेली होती. काकांनी मीटर लावून बघितलं, तर भार पडताच ती १२ व्होल्टच्या बरीच खाली बसत होती. तेवढ्या वेळात कॉम्प्युटरला वीज पोचत नाही.

तेवढा वेळ म्हणजे किती? कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा एसएमपीएस वीज गेल्यावर पोटातल्या कपॅसिटरवर थोडा वेळ तग धरतो. एटीएक्सच्या मानकात तो साधारण १६-१७ मिलिसेकंद धरलेला आहे. आपल्या ५० हर्ट्झ विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एका आवर्तनाइतकीही उसंत नाही. एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे ‘वीज ठीक आहे’ असं सांगणारा एक वेगळा सिग्नल सतत जात असतो. तो तुटला की मदरबोर्ड सगळं थांबवतो, आणि परत आला की नव्याने सुरू करतो. म्हणून बंद न पडता रीस्टार्ट होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं विंडोजच बिघडली.

प्रिंटर भिंतीच्या सॉकेटवर नेला, यूपीएसची बॅटरी बदलली. १२ व्होल्ट ७ एएचची साधी बंद बॅटरी, नव्या यूपीएसच्या निम्म्याहून कमी पैशात. त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही.

तो व्हिडिओ मी त्या तंत्रज्ञाला पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. संध्याकाळी फोन आला तो ह्यांना. ‘साहेब, मी तेच म्हणत होतो, तुमच्याकडे पॉवरचा इश्यू आहे.’ तेच म्हणत होतो! त्याच्या तोंडून पॉवर हा शब्द तोपर्यंत एकदाही आला नव्हता. गेलेल्या डेटाचा राग एखादे वेळी निवळेल, या वाक्याचा निवळणार नाही.

आता ज्यांच्याकडे असं होतंय त्यांच्यासाठी. मी इंजिनिअर नाही, पण पैसे मोजून शिकले आहे.

पहिली गोष्ट, दुरुस्तीवाल्याला बोलवायच्या आधी पाच मिनिटं इव्हेंट व्ह्यूअर उघडा. स्टार्टमध्ये तेच नाव टाइप केलं की येतो. त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. तिथे लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर’ नावाची, ४१ क्रमांकाची नोंद शोधा. ही नोंद दिसली म्हणून लगेच ‘पॉवरचाच दोष’ असं म्हणू नका. ती फक्त एवढंच सांगते, की मशिन रीतसर बंद न होता थांबलं. खरी गोष्ट तिच्या ‘डिटेल्स’मध्ये आहे. तिथे ‘बगचेककोड’ या शब्दापुढे शून्य असेल, तर विंडोजला मरताना काही लिहायलाही वेळ मिळाला नाही. बहुतेक वेळा वीज, एसएमपीएस, कधी मशिन पूर्ण गोठल्यावर कुणी दाबून बंद केलेलं. शून्य नसेल, तर विंडोज स्वतः कोसळली आहे, आणि मग ड्रायव्हर, रॅम, डिस्क यांच्याकडे बघायचं. हा आकडा तिथे साध्या दशमान पद्धतीत असतो आणि इंटरनेटवर शोधताना हेक्समध्ये लागतो; विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘प्रोग्रामर’ निवडून तो बदलून घ्या. २९२ आला तर तो १२४ होतो, आणि तो हार्डवेअरची चूक दाखवतो. २६ आला तर १ए, तेव्हा रॅम तपासा. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर कुणीतरी किंवा कुठल्यातरी प्रोग्रॅमने सांगून रीस्टार्ट केलंय, बहुतेकदा अपडेटने, आणि त्याचं नावही तिथेच लिहिलेलं असतं. माझ्याकडे फॉरमॅटनंतरही ओळीने ४१, आणि प्रत्येकीत शून्य. नव्या कोऱ्या विंडोजवर तोच आजार, त्याच वेळा. ‘वेळेवर काही नसतं’ म्हणणाऱ्याने हे एकदा उघडून बघायचं होतं.

आणि हे लक्षात ठेवा, की फॉरमॅट मारला की हे सगळे लॉग पुसले जातात. म्हणजे रोग काय होता हे सांगणारा एकमेव साक्षीदार जातो. लॉग न बघता फॉरमॅट सुचवणाऱ्याला हात लावू देऊ नका. लॉगचे फोटो काढून ठेवा, मग काय ते.

दुसरी गोष्ट, विंडोज कोसळल्यावर स्वतःच रीस्टार्ट होते, तशी ती कंपनीनेच ठेवलेली असते. त्यामुळे चूक दाखवणारा पडदा वाचायलाच मिळत नाही. सिस्टमच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका. पुढच्या वेळी तो पडदा थांबून राहील, फोटो काढा. खूण काढूनही पडदा न थांबता थेट काळोख झाला, तर विंडोजला दोष देणं सोडा.

यूपीएस तपासायला कॉम्प्युटर वापरू नका. कॉम्प्युटर काढा, जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब त्यावर लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब न लुकलुकता काही मिनिटं जळत राहिला पाहिजे. एलईडी बल्ब लावून बघणं फुकट आहे, त्याचा भार काहीच नसतो. बॅटरीवर बसवल्याची तारीख स्केचपेनने लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी ती थकतेच, आणि आपल्या उकाड्यात, बंद टेबलाखाली, आणखी लवकर. लेझर प्रिंटर, इस्त्री, मिक्सर, कूलर, काहीही यूपीएसवर नको. अनेक लेझर प्रिंटरच्या पुस्तिकेतच हे लिहिलेलं असतं. इंकजेट चालतो. घरातला पाण्याचा पंप किंवा शेजारचं वेल्डिंग सुरू होताना रीस्टार्ट होत असेल तर तीही हीच जात आहे. तिथे वायरमनला बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नंतर. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट दिसतात ते त्याच्याकडून मोजून घ्या. एक-दोन ठीक, दहा-वीस दिसले तर अर्थिंग किंवा न्यूट्रलमध्ये काहीतरी बिघडलंय. खाडीकाठच्या आपल्या गावांत अर्थिंगची सळई खारट मातीत लवकर खाल्ली जाते, आणि घर बांधल्यापासून ती कुणी बघितलेली नसते.

उष्णतेचं लक्षण वेगळं. ती बटणाशी बांधलेली नसते. चालू करून अर्धा-पाऊण तास झाला की, किंवा मे महिन्यातल्या दुपारी, किंवा जड काम चालू असताना मशिन पडतं. बाजूचं झाकण उघडून प्रोसेसरवरचा पंखा बघा; इथे त्यावर धुळीची गादी असते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून खराब होतो. वाळलेली थर्मल पेस्ट बदलायला फार खर्च नाही. रॅमसाठी विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहे, ते रात्री लावून ठेवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. खाऱ्या हवेने पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात, पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले की अनेकदा तेवढ्यानेच भागतं. एसएमपीएस स्वस्तातला घेऊ नका. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशिनने आपोआप चालू व्हावं असं सेटिंग असेल, तर वीज गेल्यावरचं चालू होणंही रीस्टार्टसारखंच दिसतं, तेही बघा. 

फॉरमॅट कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. न्हावा-शेव्यात त्याची गरज पडलेली आम्ही डोळ्यांनी बघितली आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्या समूहाकडचं आपल्या जेएनपीटी बंदरातलं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. मी तेव्हा दुसऱ्यांच्या ऑफिसात कामाला होते. कंटेनर हलत नव्हते आणि सगळे एकमेकांना विचारत होते. त्या व्हायरसचं कामच रीस्टार्टवर चालायचं. मशिनमध्ये शिरला की साधारण तासाभरात तो ते रीस्टार्ट करायला लावायचा, आणि सुरू होताना ‘डिस्क दुरुस्त होत आहे, बंद करू नका’ असा खोटा पडदा दाखवून त्या पडद्याआड डिस्कवरच्या फाइलींची अनुक्रमणिका कुलूपबंद करायचा. ज्यांनी त्याच क्षणी वीज काढली त्यांच्या काही फाइली वाचू शकल्या. मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं, की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटरवर दहा दिवसांत सगळं नव्याने टाकावं लागलं. तिथे दुसरा इलाज नव्हता, आणि तोही काय झालंय हे समजल्यावर केला.

उलट १९ जुलै २०२४ बघा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर आणि रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकली. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. तेव्हा उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल काढून टाकायची. त्या दिवशी ज्याने घाईने फॉरमॅट मारला असेल त्याने विनाकारण आपला डेटा घालवला. पूर्वीही असंच. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर व्हायरस आला तेव्हा विंडोज एक्सपीवर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसून मशिन रीस्टार्ट व्हायचं. तेव्हाही एका छोट्या आज्ञेने ती मोजणी थांबवून मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती बसवता यायची. दिसायला सगळीकडे रीस्टार्टच, पण चार ठिकाणी चार कारणं. कारण विचारणार नाही त्याला मशिन देऊ नका.

दुरुस्तीवाल्याशी वागताना आता मी ज्या गोष्टी पाळते, त्या अशा. कॉम्प्युटर दुकानात न्यायचा असेल तर यूपीएस आणि प्रिंटरही न्यायला सांगते, नाहीतर इथेच बसून बघ म्हणते. एकटं मशिन दुकानात चाललं, यातून काहीही सिद्ध होत नाही. झाकण उघडायच्या आधी रॅमच्या, डिस्कच्या स्टिकरचे फोटो काढते, नंबरसकट. बदललेला जुना भाग परत मागते. तो माझा आहे, त्याचा नाही. फॉरमॅट खरंच करायचा असेल तर जुनी डिस्क काढून ठेवायची आणि नव्या एसएसडीवर विंडोज टाकायची. एसएसडी विकत मिळते, गेलेला डेटा कुठल्याच भावाने परत मिळत नाही. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या घरी. आणि बिल. पक्कं बिल, त्यावर काय केलं आणि काय बदललं ते लिहिलेलं. बिल मागितलं की ‘अठरा टक्के जीएसटी लागेल’ असं घाबरवतात. लागू दे.

बिल असेल तर पुढचा रस्ता आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष सेवाही येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे काम झालं नाही तर जिल्हा आयोग, आपला अलिबागला, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही. ‘तुम्ही धंद्यासाठी वापरता, तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वापरणारा ग्राहकच धरला जातो. मुदत दोन वर्षांची आहे.

आणि बायांना एक सांगते. घरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या तुम्हीच असाल, तर दुरुस्तीवाल्याने फोन लावून ‘साहेबांशी बोलतो’ म्हटलं की तो फोन तिथेच थांबवा. ह्यांनाही मी सांगून ठेवलंय, की तसा फोन आला तर ‘तिच्याशी बोला’ एवढंच म्हणायचं. आता म्हणतात.

मी १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, कॅलेंडरच्या पानाचा फोटो आणि तो व्हिडिओ तयार ठेवून. वर्षाचा करार नव्याने केलेला नाही. फॉरमॅटचे आणि रॅमचे पैसे मागितले आहेत, आणि माझी जुनी रॅमची पट्टीही. ती चांगली होती. अजून त्याच्याकडेच आहे.